बुद्धिबळातली विश्वविजेतेपदाची लढत पहिल्यांदा बघताय? मग हे वाचून बसा

२८ जुलै २०२५ ला आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेजचा नुसता पाऊस पडला. 'नागपूरची दिव्या देशमुख जगज्जेती!' फटाके, झेंडे, हात जोडलेले बाहुले, सगळं आलं. तासाभरात माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याचा फोन. "मावशी, गुकेश जगज्जेता आहे ना? हंपीपण डिसेंबरात जगज्जेती झाली होती म्हणे. आता दिव्या. मग एका वेळी जगज्जेते असतात तरी किती?"

प्रश्न अगदी रास्त होता. २०१३ साली चेन्नईत आनंद आणि कार्लसनची लढत झाली, तेव्हा मीही अशीच कोरी पाटी घेऊन बसले होते. सोंगट्या कशा चालतात एवढं माहीत होतं. पण हा कार्लसन समोर आला कुठून, किती डाव होणार, बरोबरी झाली तर काय, घड्याळात कुणाचा वेळ पळतोय, यातलं काहीच कळत नव्हतं आणि सांगणारंही कुणी नव्हतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत एकेक गाठ सुटत गेली. त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं सगळं इथे क्रमानं लिहिते आहे. सोंगट्यांच्या चाली तुम्हाला येतात, एवढंच गृहीत धरलंय.

१. 'वर्ल्ड' शब्द दिसला की आधी थांबा

सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो, म्हणून पहिलं काम हे. नावात 'वर्ल्ड' असलेल्या निदान चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

विश्वविजेतेपद, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप. यात दोघेच खेळतात, गादीवर बसलेला विजेता आणि त्याला ललकारणारा आव्हानवीर. नुसतं 'जगज्जेता' म्हटलं की अर्थ हाच. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापुरात गुकेशनं चीनच्या डिंग लिरेनला हरवून मिळवलं ते हे.

विश्वचषक, म्हणजे वर्ल्ड कप. ही शेकडो खेळाडूंची बाद फेरीची स्पर्धा. दिव्यानं जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जलद डावांत, हरवून जिंकला तो महिलांचा विश्वचषक. फार मोठा पराक्रम आहे तो. त्याच विजयामुळे ती थेट ग्रँडमास्टर झाली. पण महिलांची जगज्जेती त्या दिवशीही चीनची जू वेनजुनच होती. दिव्याला मिळाला तो जगज्जेतेपदाच्या जिन्यावरचा एक भक्कम टप्पा.

तिसरी जागतिक जलद आणि अतिजलद स्पर्धा, म्हणजे कमी वेळाच्या डावांची. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला हंपी जिंकली ती जलद प्रकारातली. ही दरवर्षी होते आणि तिचे विजेते वेगळे असतात. चौथं ऑलिंपियाड. ते देशांच्या संघांचं असतं, तिथे वैयक्तिक जगज्जेता ठरत नाही.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "बातमीत दोनच नावं असतील आणि डाव दोन-तीन आठवडे चालणार असतील, तर ती खरी गादीची लढत."

२. जवळ काय काय ठेवावं

खर्च जवळजवळ नाहीच, पण या गोष्टी लढतीच्या आदल्या दिवशी जमवून ठेवा:

- खराखुरा पट आणि सोंगट्या. मोबाइलवरचा पट चालत नाही असं नाही, पण हातानं सोंगटी उचलून ठेवली की डाव डोक्यात राहतो.
- एक वही. प्रत्येक डावाला एक पान. वर तारीख, पांढरी मोहरी कुणाची, आणि बाजूला एकूण गुण.
- त्या लढतीची नियमावली. फिडे, म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना, ती आपल्या संकेतस्थळावर टाकते. डाव किती, वेळ किती, टायब्रेक कसा, एवढी दोन-तीन पानं वाचली तरी पुरे.
- चाली थेट दाखवणारं एखादं ॲप. लीचेस पूर्ण मोफत आहे, चेस डॉट कॉमवरही दिसतं.
- भारतीय वेळेत उतरवून घेतलेलं वेळापत्रक.

या शेवटच्या कलमाला हलकं घेऊ नका. सिंगापूरचे डाव आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू व्हायचे, २०१८ चे लंडनचे रात्री साडेआठला. २०२४ ची टोरंटोची कँडिडेट्स, म्हणजे आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, तर बरोबर मध्यरात्री बारा वाजता सुरू व्हायची. म्हणजे तिथली २१ एप्रिलची फेरी आपल्याकडे २२ तारीख लागल्यावर. मी एकदा तारीख चुकवून एक अख्खी फेरी घालवली, तेव्हापासून वहीच्या पहिल्याच पानावर भारतीय तारीख आणि वेळ लिहून ठेवते.

३. इतिहासाची मोजकी वळणं समजून घ्या

सगळे अठरा जगज्जेते पाठ करायची गरज नाही. पण आजचे नियम असे का, हे जुन्या भांडणांतूनच कळतं. म्हणून इथे थोडं रेंगाळू.

पहिली अधिकृत मानली जाणारी लढत १८८६ ची. विल्हेल्म स्टाइनिट्झ विरुद्ध योहानेस झुकेर्टोर्ट. न्यूयॉर्क, सेंट लुइस आणि न्यू ऑर्लिन्स अशा तीन शहरांत ती झाली. आधी दहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबरी धरायचीच नाही, असा करार होता. स्टाइनिट्झ जिंकला. त्या काळी जगज्जेतेपद ही जणू खासगी मालमत्ता. कुणाशी खेळायचं, कधी, किती पैशांवर, हे विजेताच ठरवायचा. इमॅन्युएल लास्करकडे १८९४ पासून १९२१ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, ही गादी राहिली. तो थोर खेळाडू होताच, पण आव्हानवीर निवडायची मुभाही त्याच्याच हातात होती. १९२७ ला अलेखाइननं कॅपाब्लांकाला ब्यूनस आयर्समध्ये हरवलं आणि मग दोघांची परतीची लढत कधी झालीच नाही. कॅपाब्लांका वाट बघत राहिला. मला हा सगळ्या इतिहासातला फार मोठा अन्याय वाटतो.

१९४६ मध्ये अलेखाइन जगज्जेता असतानाच वारला. गादी रिकामी पडली आणि फिडेला संधी मिळाली. १९४८ मध्ये हेग आणि मॉस्कोत पाच जणांची स्पर्धा झाली, मिखाईल बोटविनिक जिंकला, आणि तिथून एक व्यवस्था बसली. ठरलेल्या पात्रता स्पर्धा, त्यातून एक आव्हानवीर, मग २४ डावांची लढत. १२-१२ झालं तर गादी जुन्या विजेत्याकडेच. १९५१ आणि १९५४ ला बोटविनिकनं असंच, बरोबरीवर पद राखलं.

१९७२ ची रेक्याविकची लढत सगळ्यांनी ऐकलेली असते. पण बॉबी फिशर तेव्हाचा जगज्जेता बोरिस स्पास्कीविरुद्ध ०-२ नं मागे होता हे नवख्यांना माहीत नसतं. पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही. तिसरा डाव कॅमेऱ्यांपासून लांब, मागच्या एका खोलीत झाला. तो फिशर जिंकला आणि वारं फिरलं. शेवटी साडेबारा-साडेआठ. १९७५ मध्ये त्याच्या अटी पूर्णपणे मान्य झाल्या नाहीत म्हणून तो खेळलाच नाही, आणि अनातोली कार्पोव्ह एकही डाव न खेळता जगज्जेता झाला.

मग नियम बदलला. आधी सहा विजय मिळवेल तो विजेता, डावांना मर्यादा नाही. ऐकायला न्याय्य वाटतं. १९८४ ला मॉस्कोत कार्पोव्ह आणि गॅरी कास्पारोव्ह बसले आणि महिन्यांमागून महिने खेळतच राहिले. ४८ डाव, त्यातले ४० बरोबरीत, कार्पोव्ह ५-३ नं पुढे, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये फिडेच्या अध्यक्षांनी लढत निकालाविनाच थांबवली. आज डावांची संख्या आधी ठरलेली असते, त्यामागे हा अनुभव आहे. 'इतके कमी डाव का?' असं कुणी विचारलं की त्याला हे ४८ डाव सांगा.

आता सगळ्यात गुंतागुंतीचं वळण. १९९३ मध्ये कास्पारोव्ह आणि आव्हानवीर नायजेल शॉर्ट फिडेतून बाहेर पडले आणि स्वतंत्रपणे खेळले. तेव्हापासून २००६ पर्यंत जगात दोन-दोन जगज्जेते होते. १९९५ ला आनंद न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये कास्पारोव्हशी खेळला ती एक परंपरा. २००० मध्ये दिल्ली आणि तेहरानमधल्या बाद फेरीच्या स्पर्धेत तो जिंकला ती दुसरी, फिडेची. २००६ मध्ये एलिस्ता इथे कास्पारोव्हच्या परंपरेतला विजेता व्लादिमिर क्रामनिक आणि फिडेचा विजेता वेसेलिन तोपालोव्ह एकमेकांशी खेळले आणि गादी पुन्हा एक झाली. ती लढतही धड झाली नाही. स्वच्छतागृहाच्या वापरावरून वाद पेटला, क्रामनिक पाचव्या डावाला बसला नाही आणि तो डाव त्याच्या हातून गेला. तरीही टायब्रेकमध्ये जिंकला तोच.

सापळा: 'आनंद कितवा जगज्जेता?' या प्रश्नाला दोन उत्तरं दिसली तर गोंधळू नका. आमने-सामने लढतींची मूळ साखळी धरली तर आनंद पंधरावा, कार्लसन सोळावा, डिंग सतरावा आणि गुकेश अठरावा. फिडेच्या त्या मधल्या वर्षांतले खलिफमान, पोनोमारियोव्ह, कासिमजानोव्ह या मोजणीत येत नाहीत.

४. आव्हानवीर कुठून येतो ते बघा

लढतीपेक्षा मला हा भाग जास्त आवडतो, आणि नेमका तोच लोक सोडून देतात. गुकेश सिंगापुरात पोचला तो टोरंटोमार्गे. टोरंटो बघितलं नसेल तर निम्मी गोष्ट हुकली म्हणा.

कँडिडेट्स ही आठ जणांची स्पर्धा. दुहेरी साखळी, म्हणजे प्रत्येक जण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा पांढऱ्यानं, एकदा काळ्यानं. एकूण १४ फेऱ्या. पहिला येईल तो आव्हानवीर. दुसऱ्याला काही नाही.

त्या आठ जागा कशा भरतात? २०२६ च्या कँडिडेट्ससाठीची वाटणी अशी: विश्वचषकातले पहिले तीन, ग्रँड स्विस स्पर्धेतले पहिले दोन, २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांच्या फिडे सर्किटमधून, म्हणजे वर्षभरातल्या स्पर्धांच्या गुणांच्या यादीतून, एकेक, आणि रेटिंगवर, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्यावर, एक. हा विश्वचषक आपल्या गोव्यात झाला होता, २०२५ च्या नोव्हेंबरात. २०६ खेळाडू होते आणि ट्रॉफीला विश्वनाथन आनंदचं नाव दिलेलं होतं. उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव्ह जिंकला, चीनचा वेई यी दुसरा, आंद्रेई एसिपेंको तिसरा. तिघांनाही कँडिडेट्सचं दार उघडलं. जगज्जेता गुकेश तिसऱ्याच फेरीत बाहेर पडला, पण त्यानं त्याची गादी हलली नाही. पायरी १ मधला फरक ध्यानात असेल तर यात कोडं पडणार नाही.

नाशिकच्या विदित गुजरातीचा रस्ता बघा. २०२३ ची ग्रँड स्विस जिंकून तो टोरंटोच्या आठ जणांत गेला. तिथे त्यानं हिकारू नाकामुराला दोन्ही वेळा हरवलं, काळ्यानंही आणि पांढऱ्यानंही. विदित स्पर्धा जिंकला नाही, पण नाकामुरा पहिल्या क्रमांकापासून अर्ध्याच गुणानं मागे राहिला. गुकेश ९, आणि नाकामुरा, नेपोम्नियाची, कारुआना साडेआठ-साडेआठ. आता त्या दोन डावांचं वजन करून बघा. साखळी स्पर्धेत तळातला खेळाडूही वरचा निकाल फिरवतो, म्हणून कँडिडेट्स बघताना फक्त आपल्या माणसाचा पट उघडून बसू नका. शेवटच्या रात्री गुकेशचा डाव बरोबरीत सुटला, तरी त्याचं भवितव्य शेजारच्या पटावर होतं. नेपोम्नियाची आणि कारुआना यांचा डाव तासन्‌तास चालला. त्यातला कुणीही जिंकता तर गुकेशला टायब्रेक खेळावा लागला असता. पहाटे तो डाव बरोबरीत सुटला तेव्हा मी वहीत '९' आकड्याभोवती गोल काढला आणि मगच झोपले.

दोन अपवाद. बरोबरी झाल्यावर काय, हे प्रत्येक वेळी सारखं नसतं. २०१३ च्या लंडनच्या कँडिडेट्समध्ये कार्लसन आणि क्रामनिकचे गुण सारखेच होते, पण जिंकलेले डाव जास्त म्हणून कार्लसन पुढे गेला. नंतरच्या नियमांत अशा वेळी जलद डाव खेळवतात. आणि विजेत्यानंच खेळायला नकार दिला तर? २०२२ मध्ये कार्लसननं दिला. मग कँडिडेट्समधले पहिले दोघे, नेपोम्नियाची आणि डिंग, २०२३ मध्ये अस्तानाला एकमेकांशी खेळले.

५. लढतीचे नियम एका पानावर उतरवा

२०२४ च्या सिंगापूरच्या लढतीवरून सांगते. पुढच्या लढतीत तपशील बदलू शकतो, म्हणून नियमावलीशी ताडून घ्या.

- डाव १४. जिंकल्यास एक गुण, बरोबरीला अर्धा. आधी साडेसात गाठेल तो विजेता, मग उरलेले डाव होत नाहीत.
- रंग आलटून पालटून. पांढऱ्याची पहिली चाल, म्हणून थोडी सरशी त्याची धरतात.
- वेळ: पहिल्या ४० चालींना प्रत्येकी दोन तास. त्यानंतर आणखी अर्धा तास आणि ४१व्या चालीपासून प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर.
- ४० चाली होईपर्यंत आपसात बरोबरी ठरवता येत नाही. तीच स्थिती तीनदा आली तर मात्र आधीही बरोबरी होते.
- दर तीन डावांनंतर एक दिवस सुट्टी.

यातलं वेळेचं कलम अधोरेखित करा. पहिल्या ४० चालींत सेकंदांची भर पडत नाही, त्यामुळे ३० ते ४० या चालींच्या मध्ये घड्याळ गळ्याशी येतं. सिंगापुरात तिसऱ्या डावात डिंगची स्थिती आधीच ढासळली होती आणि ३७व्या चालीला त्याचा वेळच संपला. कामामुळे अख्खा डाव बघता येत नसेल तर निदान हा टप्पा गाठा.

जुने लेख वाचताना 'डाव तहकूब' आणि 'बंद पाकिटातली चाल' असे शब्द भेटतील. पूर्वी पाचेक तासांनी डाव थांबवायचे. ज्याची चाल असेल तो ती कागदावर लिहून पाकीट पंचांकडे द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून पुढे खेळ. रात्रभर दोन्ही बाजूंचे मदतनीस त्या स्थितीवर बसायचे. संगणक बळकट झाल्यावर १९९० च्या दशकात ही पद्धत बंद पडली. आता बसलं की निकाल लागेपर्यंत उठायचं नाही.

६. चालींची अक्षरं

ॲपवर चाली इंग्रजी अक्षरांत येतात. के म्हणजे राजा, क्यू म्हणजे वजीर, आर म्हणजे हत्ती, बी म्हणजे उंट. घोड्याला एन, कारण के राजानं आधीच घेतलेलं. प्याद्याला अक्षरच नाही, नुसतं घर लिहितात. उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या १ ते ८. मध्ये फुली असेल तर मारामारी, शेवटी अधिकचं चिन्ह असेल तर शह. समालोचक 'क्वीन' म्हणतो ती आपला वजीर. दोन डाव वहीत उतरवलेत की हात बसतो.

७. डाव बघायला बसा, पण ती पट्टी झाकून

पटाच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी असते. संगणकाचं मत. कोण किती पुढे आहे ते ती क्षणाक्षणाला सांगते. नवखा माणूस पट सोडून पट्टीकडेच बघत राहतो. मीही पहिली काही वर्षं तेच केलं, आणि खेळाडू वीस मिनिटं कशाचा विचार करतोय हे मला एकदाही कळलं नाही. कारण उत्तर आधीच समोर होतं. आता मी पडद्याच्या कडेला चिकटचिठ्ठी लावते. निदान पहिले तीन तास.

मग करायचं काय? घरातल्या पटावर चाल लावा. समोरच्याला काय धाक आहे ते शोधा. तुम्ही कुठली चाल केली असती ती वहीत लिहा. घड्याळं बघा. एखाद्यानं साध्या दिसणाऱ्या चालीवर अर्धा तास घातला तर तिथे काहीतरी आहे, तिथे थांबा. डाव संपल्यावर पट्टी उघडा आणि ताडून बघा.

१२ डिसेंबर २०२४ चा चौदावा डाव याचं उत्तम उदाहरण. गुण साडेसहा-साडेसहा. गुकेश काळ्यानं खेळत होता. शेवटी पटावर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, आणि गुकेशकडे एक प्यादं जास्त. ही स्थिती नेटानं धरली तर बरोबरीची असते. सगळे दुसऱ्या दिवशीच्या टायब्रेकची भाषा बोलायला लागले होते. ५५व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ वर आणला. हत्तींची अदलाबदल झाली तर हरकत नाही, असा त्याचा हिशेब. पण त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशचा उंट डी५ वर येतो आणि त्या कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागाच राहत नाही, त्याची अदलाबदल अटळ. मग उरतात राजे आणि प्यादी. तिथे ते एक जास्तीचं प्यादं डाव जिंकून देतं.

पट्टी उघडी ठेवणाऱ्या सगळ्यांना हे त्याच सेकंदाला कळलं. गुकेशला काही क्षण लागले. त्याचा चेहरा बदलत गेला तो क्षण ज्यांनी पट बघत अनुभवला, त्यांनी त्याच्याबरोबर ती चाल शोधली. पट्टी बघणाऱ्यांनी नुसती बातमी ऐकली. ५८ चालींत डाव संपला. डिंग उठून गेल्यावर गुकेश डोळे पुसत सगळ्या सोंगट्या पुन्हा आपापल्या घरांत लावत बसला होता. शेवटचं प्यादं जागेवर जाईपर्यंत.

८. बरोबरीला नावं ठेवू नका

'सगळे डाव बरोबरीतच, यात काय बघायचं?' हे वाक्य तुमच्या घरात निघणारच. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि कारुआनाचे बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले. पण बाराव्या डावात कार्लसन चांगल्या स्थितीत असताना, वेळही जास्त असताना, त्यानं स्वतःहून बरोबरी देऊ केली. का? त्याला जलद डाव हवे होते, तिथे तो कितीतरी सरस होता. टायब्रेक त्यानं ३-० असा जिंकला. बरोबरी हाही डावपेच असतो, हे तेव्हा उमगलं.

वहीत प्रत्येक बरोबरीपुढे एक ओळ लिहा: कोण दाबत होतं, कोण सुटलं. पाच-सहा डावांत लढतीचा कल त्या ओळींतून दिसायला लागतो. उलट बाजूला २०२१ चा दुबईचा सहावा डाव ठेवा. पहिले पाच बरोबरीत, मग १३६ चालींचा डाव, जगज्जेतेपदाच्या इतिहासातला सर्वांत लांब. कार्लसननं तो जिंकला आणि नेपोम्नियाची त्यातून सावरलाच नाही.

९. सगळे डाव संपूनही बरोबरी राहिली तर

आता जुन्या विजेत्याकडे गादी आपोआप राहत नाही. आधी चार जलद डाव, तरी सुटलं नाही तर आणखी छोटे, मग अतिजलद. २००६, २०१२, २०१६, २०१८ आणि २०२३ च्या लढती अशाच सुटल्या. सापळा एवढाच, की टायब्रेक एका दिवसात उरकतो. त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका.

१०. महिलांची लढत वेगळ्या पानावर

महिलांचं विश्वविजेतेपद १९२७ पासून आहे, पहिली विजेती व्हेरा मेनचिक. हल्ली लढत १२ डावांची असते. २०२५ मध्ये जू वेनजुननं तान झोंगयीला साडेसहा-अडीच असं हरवलं. महिलांची कँडिडेट्सही आठ जणींचीच, आणि दिव्या बाटुमीहून थेट तिथे पोचली.

आणखी एक चूक टाळा. ज्याला आपण सहज 'पुरुषांची' म्हणतो ती स्पर्धा खुली असते, महिलाही तिथे खेळू शकतात. हंगेरीची यूडिट पोल्गार २००५ मध्ये सान लुइसला आठ जणांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत खेळली होती. घरातल्या मुलींना हे मुद्दाम सांगा.

११. सरावाचे तीन डाव

पुढच्या लढतीला वेळ असेल तर हे तीन डाव पटावर लावा. ॲपवर वर्ष आणि डावाचा क्रमांक टाकला की सापडतात.

१९७२ चा सहावा. फिशरनं पांढऱ्यानं असा खेळला की हरलेल्या स्पास्कीनंही प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या.

१९८५ चा सोळावा. कास्पारोव्ह काळ्यानं खेळतोय. १६व्या चालीला त्याचा घोडा डी३ वर जाऊन बसतो, आणि कार्पोव्हच्या सगळ्या सोंगट्या त्या एका घोड्यामुळे जखडून जातात. दर चालीला विचारा: हा घोडा मारता येतोय का?

२०१० चा बारावा, सोफियाचा. आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद होती, आनंद फ्रँकफर्टहून जवळपास चाळीस तास गाडीनं प्रवास करून पोचला होता. शेवटच्या डावात, काळ्यानं, तोपालोव्हला हरवून त्यानं पद राखलं. हा लावून झाला की सिंगापूरचा चौदावा लावा. तोही शेवटचा डाव, तोही काळ्यानं. ५५व्या चालीला थांबा, पट्टी बंद ठेवा, आणि घड्याळ लावून बघा, काळ्याची चाल तुम्हाला किती वेळात सापडते. माझ्या भाच्याला अकरा मिनिटं लागली.